सोळा जण, एक ट्रिप, कुठला कोर्स?

प्रश्न: आमचा हौशी गोल्फरांचा सोळा जणांचा ग्रुप आहे, हँडिकॅप (म्हणजे फटक्यांची मिळणारी सूट, आकडा जास्त तितका खेळाडू कच्चा) ८ पासून २८ पर्यंत. पुढच्या वर्षी स्कॉटलंडला जायचं ठरतंय. निम्मे म्हणतात कार्नुस्टीच, निम्म्यांना सेंट अँड्र्यूज सोडून काही दिसत नाही. तुम्ही तुमच्या गोल्फ सोसायटीबरोबर, म्हणजे हौशी मंडळाबरोबर, एवढे कोर्स खेळलात, तुमचा सगळ्यात आवडता कुठला?

उत्तर: नॉर्थ बेरिक, अगदी बिनधास्त सांगतो. आणि कारण एकच, तिथे आमच्यातला सगळ्यात कच्चा खेळाडूसुद्धा अठराच्या अठरा होल मजेत खेळला. सोसायटीचा कोर्स निवडताना आठ हँडिकॅपवाल्याचं ऐकू नका, तो कुठेही रमतो, अठ्ठावीसवाल्याचा दिवस कसा जाईल ते आधी बघा.

तिथे तेराव्या होलला, ‘पिट’ म्हणतात त्याला, ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अगदी पुढ्यात दगडी भिंत आहे, जुनी, कमरेएवढी, आणि ती ओलांडल्याशिवाय ग्रीन नाही. आमच्या एका २७ हँडिकॅपवाल्याचा दुसरा शॉट भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबला, बॅकस्विंगला जागा आहे पण पुढे दगड, मग त्याने पटरने (ग्रीनवर बॉल हळू ढकलायची काठी) बॉल शांतपणे बाजूला काढला, वेजने (बॉल उंच उडवायची काठी) भिंतीवरून उचलला, मग पटरचे दोन फटके, एकूण सहा, आणि एक पॉइंट मिळवला (पॉइंटची पद्धत शेवटी सांगतो). त्या संध्याकाळी सगळे त्याच एका होलबद्दल बोलत होते. पंधरावा होल ‘रेडान’, पार तीन (म्हणजे चांगल्या खेळाडूकडून तीन फटक्यांची अपेक्षा), ग्रीन उजवीकडून मागे डावीकडे उतरतं, म्हणजे बॉल उजव्या खांद्यावर टाकला की तो घरंगळत झेंड्याकडे जातो, ही रचना जगभरातल्या कोर्सवर उचलली गेलीय, पण मूळ जागी उभं राहून तो बॉल वळताना बघणं वेगळंच.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स मला मनापासून आवडतो. फेअरवे एवढे रुंद, सात ग्रीन दोन-दोन होलची मिळून, आणि त्या जोड्यांची बेरीज दर वेळी अठरा (दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा अशी), काटेरी झुडपं बहुतेक उजव्या हाताला म्हणून डावीकडे मारत राहिलं की कच्चा माणूसही निभावतो. अडचण वेगळीच आहे, बरेचसे टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) दोन दिवस आधीच्या लॉटरीतून मिळतात, एका अर्जावर जास्तीत जास्त चौघं, म्हणजे तुमचे चार अर्ज आणि चारही एकाच दिवशी लागतील असं धरून चालू नका. आणि रविवारी कोर्स बंद असतो, लोक फिरायला येतात तिथे.

कार्नुस्टी मात्र मी तुमच्या ग्रुपला सुचवणार नाही. शेवटच्या होल्सना बॅरी बर्न ओढा आडवा येतो, १९९९ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धा) ज्याँ व्हान द वेल्ड या खेळाडूला जिंकायला अठराव्या होलवर सहा फटके चालले असते, त्याने सात मारले आणि प्लेऑफमध्ये हरला. तो तर प्रो होता हो! दिवसभर दमलेला अठ्ठावीसवाला तिथे बॉल हरवत बसेल.

त्या ऐवजी जमलं तर प्रेस्टविक घ्या. १८६० ची पहिली ओपन इथेच झाली, आठच खेळाडू, बारा होलचा कोर्स, एकाच दिवशी तीन फेऱ्या. पाचवा होल ‘हिमालया’ पार तीन, समोर वाळूची उंच टेकडी, ग्रीन दिसतच नाही, टेकडीवर रंगीत खूण आहे तिच्या रोखाने मारायचं आणि पलीकडे धावत जाऊन बघायचं, खेळून झालं की मागच्यांसाठी घंटा वाजवायची. आमचे लोक घंटेसाठी भांडत होते.

प्रश्न: एवढ्या वेगवेगळ्या हँडिकॅपना स्कोअरिंग कसं ठेवायचं?

उत्तर: स्टेबलफर्ड, दुसरा विचारच नको. हँडिकॅपचे स्ट्रोक वजा करून पार आला तर २ पॉइंट, बोगी (पारपेक्षा एक जास्त) १, बर्डी (एक कमी) ३, आणि डबल बोगी (दोन जास्त) झाली की शून्य, मग बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं. १९३२ मध्ये वॉलसी क्लबच्या डॉ. फ्रँक स्टेबलफर्डनी ही पद्धत वापरात आणली. लिंक्सवर (समुद्रकाठच्या अशा कोर्सवर) वारा सुटला की एखाद्या होलवर नऊ-दहा होतातच, स्ट्रोक प्लेमध्ये (सगळे फटके मोजायच्या पद्धतीत) ते दिवसभर डोक्यात राहतं आणि मागचे चौघंही खोळंबतात, इथे पुढच्या टीवर पाटी कोरी.