वाचकांचे प्रश्न : नोटिशीचं उत्तर एआयकडून लिहून घेतलं तर?

प्रश्न : मी सीएंकडे आर्टिकलशिप करतो. आयकर नोटिशींच्या उत्तराचा कच्चा मसुदा चॅटजीपीटीकडून करून घेतो. मोठे सर याला फसवणूक म्हणतात, मॅडमना त्यात काही गैर वाटत नाही. खरं कोणाचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचंही, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळं काम आहे. इंग्रजी नीट करून घेतलं, मुद्दे क्रमाने लावून घेतले, तर आज फारसं कोणी नाक मुरडत नाही. घोळ होतो तो दाखल्यासाठी दिलेल्या न्यायालयीन निवाड्यांपाशी. एआय पक्षकारांची नावं, वर्ष, आयटीआरचा (‘इन्कम टॅक्स रिपोर्ट्स’ या निवाडे-संग्रहाचा) खंड आणि पान असं सगळं ऐटीत देतं, पण ते शब्दांना शब्द जुळवत असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स प्रकरणात करआकारणीचा आदेश रद्द केला. त्यात खात्याने आधार घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. तेव्हा समोरून आलेल्या आदेशातले निवाडेही तपासत जा.

प्रत्येक निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा ‘इंडियन कानून’ या निवाड्यांच्या संकेतस्थळावर काढा. नाव सापडलं की काम झालं, असं नाही. खंड-पान खरं पण तिथे भलताच खटला, किंवा खटला खरा पण निकाल नेमका उलटा, हे जास्त फसवं. हवा तो परिच्छेद स्वतः वाचा, त्याचा क्रमांक मसुद्यात घाला, पीडीएफ फाइलला लावा. आणि ‘हा निवाडा खरा का?’ असं त्याच एआयला विचारू नका. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका खटल्यात वकिलाने तेच केलं, ‘हो’ असं उत्तर आलं आणि २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड बसला.

सरांचा राग कदाचित दुसऱ्याच गोष्टीवर असेल : नोटीस जशीच्या तशी पेस्ट करता का? अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे सीए कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि त्याची झळ सरांना लागते. नाव, पॅन, खाते क्रमांक, डीआयएन (नोटिशीचा ओळख क्रमांक) काढून ‘करदाता अ’ लिहा, रकमा बदला. स्कॅन केलेली नोटीस तर अपलोड करूच नका, तिच्यावर सगळंच असतं.

मसुदा सरांपुढे ठेवताना कोणते परिच्छेद एआयचे आणि कोणते निवाडे तुम्ही स्वतः उघडून वाचलेत, हे वरच पेन्सिलीने लिहून द्या.