रिन्यूअलचे पैसे घेऊनही प्रोव्हायडरने डोमेन घालवलं, आता फक्त 899 रुपये रिफंड देतायत. भरपाई किती मागू?

आधी त्या रिफंडला "ओके, मान्य" असं काही लिहून पाठवू नका प्लीज, नंतर तेच तुमच्यासमोर ठेवतील.

माझं अगदी हेच झालेलं. आमचा रत्नागिरीहून हापूस पाठवायचा धंदा, कार्डातून पैसे कट झाले, इन्व्हॉइस पण आलं, आणि ऐन एप्रिलमध्ये जुन्या गिऱ्हाईकाचा फोन, की दादा तुमच्या साइटवर भलतंच काहीतरी दिसतंय. तोवर 600 पेट्या छापून आलेल्या, प्रत्येकीच्या झाकणावर साइटचं नाव. बायको आणि मी रात्री पडवीत बसून एकेका झाकणावर स्टिकर चिकटवत होतो, खालचं नाव तरीही पुसट दिसायचंच. फार जीवावर आलं होतं.

तुमचं डोमेन नक्की गेलंय का ते हूइजमध्ये (डोमेनची सध्याची स्थिती दाखवणारी ऑनलाइन नोंद) बघा. डॉटकॉम डिलीट झालं की 30 दिवस रिडेम्प्शनमध्ये असतं, तेवढ्यात जुन्या मालकालाच परत मिळतं, फक्त फी जास्त पडते. नंतर 5 दिवस पेंडिंग डिलीट आणि मग कोणीही घेऊ शकतं. रिडेम्प्शन दिसत असेल तर भरपाई राहू दे बाजूला, आजच मेल टाका की रिस्टोअर करा आणि फी तुम्ही भरा.

गेलंच असेल तर आकड्याचं सांगतो. मला पण वाटलेलं पाच लाख मागावेत, नऊ वर्षांचं नाव होतं. पण नावाची किंमत सिद्ध कशी करणार? जे कागदावर दाखवता येतं तेच मागितलं: स्टिकरचं बिल, नवीन डोमेन, गिऱ्हाईकांना कळवायला केलेल्या जाहिराती, आणि मागच्या एप्रिलच्या ऑर्डर विरुद्ध या एप्रिलच्या, सोबत बँक स्टेटमेंट. 58,000 मागितले, 40,000 वर मिटलं, तेही वकिलाची नोटीस गेल्यावर.

ते म्हणतील अटींमध्ये लिहिलंय, आमची जबाबदारी भरलेल्या फीइतकीच. ही अट अगदीच पोकळ नसते, कोर्टं कधी कधी मानतात, पण पैसे घेऊन कामच केलं नाही ही सरळ सेवेतली त्रुटी आहे आणि तुम्ही तेच धरून ठेवा. आधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, कंपनी बेंगळुरूची असो नाहीतर कुठलीही, आणि तुम्ही भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी पण नाही. मुदत 2 वर्षं. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ते हरकत घेतात, त्यामुळे तक्रारीत सुरुवातीलाच लिहा की हा स्वयंरोजगार आहे, घर यावरच चालतं.

आणि त्या डोमेनचा ईमेल बँकेत किंवा जीएसटीला दिला असेल तर हे सगळं वाचायच्या आधी तो बदला, नव्या मालकाने मेल चालू केला की तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील.