केस पेपरवर काय लिहिलंय?

प्रिय भाऊ,

तुझ्या आईचा फोन आला होता. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तुझ्या अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं गेली म्हणाली आणि लगेच, "मुकादम चांगला आहे, दवाखान्याचं बिल त्यानेच भरलं." भरलं ते बरंच केलं, पण त्यात उपकार नाहीत. कामावर लागलेल्या माणसाच्या उपचाराचा खर्च कायद्यानेच मालकाकडे येतो. मला दुसरंच विचारायचंय. केस पेपरवर काय लिहिलंय?

माझ्या केस पेपरवर 'कडबाकुट्टीत हात गेला' असं लिहिलं होतं. तेव्हा आमच्या दारात ना गाय होती, ना कुट्टी. जिनिंगमध्ये डबल रोलरला अडकलेला कापूस काढताना बोट सापडलं. मुनीमजींनी हाताला फडकं गुंडाळून रिक्षात बसवलं आणि वाटेत समजावलं, "घरी लागलं म्हण, पोलिसांची कटकट नको." मी तसंच म्हटलं. पुढे भरपाई मागायला गेलो, तेव्हा मालकाच्या वकिलाने तेवढा एकच कागद टेबलावर ठेवला. हंगामात रुईचा वास आला की नसलेलं पेर अजून खाजतं.

म्हणून उद्याच दवाखान्यात जा आणि केस पेपरची नक्कल घे. चुकीचं लिहिलं असेल तर खोडाखोड करू नको. खरं काय घडलं ते डॉक्टरांना लेखी दे आणि पोच घे.

मग मालकाला पत्र लिही. तारीख, वेळ, कोणतं मशीन, बोट कसं गेलं, शेजारी कोण होतं, एवढं पुरे. मुकादमाला तोंडी सांगितलं होतं, हे नंतर कुणी मान्य करत नाही. स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. तू ठेकेदाराचा माणूस आहेस म्हणून मालक हात झटकेल, पण काम त्याच्या धंद्याचं आणि त्याच्या आवारातलं, त्यामुळे जबाबदारी त्याच्यावरही येते.

चटईच्या कारखान्यातल्या तुझ्या मित्राचं ऐकून ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, मागे लागू नको. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, त्याला कामावर लागलं तर रजेच्या काळात ९० टक्के मजुरी तिकडून मिळेल. नुसतं जिनिंग करणारा कारखाना हंगामी धरतात, त्याला ईएसआय लागू नाही. तुझी भरपाई थेट मालकाकडून. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, गाभा मात्र तोच राहिला.

हिशेबही सांगतो, कारण मुकादम वीस-पंचवीस हजारांवर तोड काढायला येईलच. तुझी मजुरी महिना १२,००० धरू. तिचे ६० टक्के म्हणजे ७,२००. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण चोवीस वर्षं वयाचा गुणक २१८.४७. गुणाकार १५,७२,९८४. त्या बोटाची दोन पेरं गेली तर कायद्याने त्यातले ११ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागतील. तशा सहीने हक्क जात नाही, पण देऊ नको, उगाच भांडण लांबतं. दाव्याला मुदत दोन वर्षं आहे. हंगाम संपल्यावर बघू म्हणशील, तर तोवर सोबतचे मजूर आपापल्या गावी पांगलेले असतील. त्यांचे फोन नंबर आजच लिहून घे.

मशीनवरची संरक्षक जाळी तूच काढली होतीस, असंही म्हणतील. आईकडून कळलं की ती मशीनवर मुळात नव्हतीच. पत्रात तेही घाल आणि मशीनचा फोटो कुणाकडून तरी मागवून ठेव.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. केस पेपर, औषधांची बिलं, हजेरीचं कार्ड आणि मजुरी जमा झालेलं पासबुक काढून ठेव, जळगावला कामगार कार्यालयात जाऊ. आईला सांग, भरीत-पुरीचा घाट घालू नको, कळण्याची भाकर आणि ठेचा पुष्कळ झाला. बोट भिजवू नको.

तुझा,
नाना