क्रिप्टोचं वॉलेट उघडण्याआधी एवढं समजून घे

अरे, वॉलेटमध्ये कॉइन नसतातच, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक हिशेबवहीत असतात. वॉलेट सांभाळतं ती प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, खर्च करायचा हक्क. पैसे घ्यायला वॉलेटचा पत्ता खुशाल दे, प्रायव्हेट की कुणालाच नाही.

वॉलेट उघडताना मिळते ती सीड फ्रेज; तिच्या १२ किंवा २४ शब्दांतून सगळ्या की परत मिळतात. फोनमध्ये फोटो नको, कागदावर लिही. पण आपल्या मालवणच्या पावसात कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते, शाई फुटते. पेन्सिलीने लिही, हवाबंद पिशवीत ठेव. लॅमिनेशनला दुकानात नेशील तर शब्द दुसऱ्याच्या नजरेला पडतील, झालंच कल्याण!

कॉइनची स्वतःची ब्लॉकचेन असते, टोकन दुसऱ्याच्या चेनवर चालतं. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन, इथेरियम या चेनवरही आहे, ट्रॉन या चेनवरही. पाठवताना नेटवर्क, म्हणजे चेन, चुकलं की पैसे अडकलेच समज. इथेरियमवर गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, ईथर या तिच्याच कॉइनमध्ये भरावा लागतो, म्हणून थोडं ईथर शिल्लक ठेव. नफ्यावरचा ३० टक्के कर वेगळाच.