भोपळ्याचा हिशेब

‘बाई, आठ महिने झाले, मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. पहिल्या रविवारी काहीतरी निमित्त काढून घरीच बसते. चर्च बदलू का?’

सुमनताई (नाव बदललंय, बाकीचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत; लिहायला त्यांची हरकत नाही) नगर जिल्ह्यातल्या एका गावातून माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या. प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी; त्यांच्याकडे तो महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणाशी तरी बिनसलेलं असतं आणि समोरच्या बाकावर रोज तीच पाठ दिसत असते.

यांचं बिनसलं चर्चच्या कापणीच्या सणात. लोकांनी आणलेली ज्वारी, भाज्या, कोंबड्या यांचा लिलाव झाला. महिला मंडळाची हिशेबाची वही सुमनताईंकडे. शेवटी 1,850 रुपये कमी भरले. मार्थाकाकू सगळ्यांसमोर उठल्या आणि म्हणाल्या, ‘वही दाखव. पैसे गेले कुठं?’ वीस वर्षं दोघी एका बाकावर बसत होत्या.

‘मग तुम्ही काय केलंत?’ मी विचारलं.

‘मी? मी काहीच नाही. प्रार्थना केली.’

हे उत्तर ऐकलं की मी जरा थांबते. कुठं केली, कुणाबरोबर केली? तेव्हा हळूहळू बाहेर आलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत त्यांनी सगळं सांगितलं होतं. वर, ‘जिच्या घरात दारूच्या पायी हिशेब लागत नाही, ती मला हिशेब विचारते,’ असंही. आपल्याकडे चुगलीला प्रार्थनेचा विषय म्हणायची सोय आहे, ती मीही वापरलेली आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायातला क्रम सगळ्यांना पाठ असतो: आधी दोघांनीच एकांतात बोला, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. आपण तो उलट्या बाजूनं चढतो. आणि पाचव्या अध्यायात वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला जा म्हटलंय, तिथं ‘तुझ्या मनात काही असेल तर’ असं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर, असं आहे. सुमनताईंना मी एवढंच विचारलं, ‘मार्थाकाकूंच्या मनात तुमच्याविरुद्ध काय असेल?’

बराच वेळ त्या पिशवीचा बंद पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तिच्या नवऱ्याचं बोलायला नको होतं.’

प्रभुभोजनाबद्दलही बोललो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल आत्मपरीक्षण करायला सांगतो, ‘आणि मग’ भाकर खायला सांगतो. तपासून घरी बसा, असं सांगत नाही. चर्च बदलण्यावर मी मत दिलं नाही. पण नव्या चर्चमध्येही कापणीचा सण असतोच, हे सांगितलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. घरात मारहाण असेल, कुणी पदाचा किंवा नात्याचा फायदा घेत असेल, तर ‘एकटी जा आणि बोल’ हा सल्ला मी देत नाही. तिथं आधी सुरक्षितता आणि गरज पडली तर पोलीस. क्षमेचं वचन दाखवून बाईला परत त्याच घरात धाडणं याला समेट म्हणत नाहीत.

सुमनताई एका दुपारी गेल्या. मार्थाकाकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. सुमनताईंनी उभ्यानंच सांगितलं, ‘भाऊजींचं नाव मी काढलं ते चुकलं.’ वहीचा विषय त्यांनी काढायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. मेथीची अख्खी जुडी निवडून झाली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘पोरानं ऐकलं गं ते. बुधवारी तो मला न्यायला आला होता, दारातच उभा होता.’

त्या दिवशी एवढंच. चहासुद्धा नाही.

वही उघडली तीन आठवड्यांनी, पाळकसाहेबांसमोर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसमोर. 750 रुपये कोंबडीचे, बोली लावणारा उधारी ठेवून पुण्याला गेलेला. राहिले 1,100. तो भोपळा निघाला. एकानं 1,100 ला घेतला आणि हौसेनं पुन्हा लिलावाला ठेवला. दुसऱ्यानं 900 ला घेतला. वहीत दोन्ही बोली. पहिल्याला वाटलं, भोपळा परत दिला म्हणजे पैसेही सुटले!

आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून खुलासाही चारचौघांत हवा, यावर मी अडून बसले होते. खासगीत ‘जाऊ दे’ म्हणून मिटवलेलं भांडण चोर ठरलेल्या माणसाला चोरच ठेवतं. रविवारी उपासनेनंतर मार्थाकाकू उभ्या राहिल्या. ‘पैसे सापडले. मी विचारायची रीत चुकले,’ एवढं बोलून बसल्या. मला ते पुरेसं वाटलं, सुमनताईंना नाही.

त्यांची दुसरी काळजी शेजारणीची होती. ती हिंदू, सगळं बघत आलेली. ‘तुमच्यात तर प्रीती प्रीती म्हणतात ना?’ असं एकदा बोलून गेली होती. साक्ष बिघडली, म्हणजे आपल्या वागण्यातून बाहेरच्यांना ख्रिस्ताची प्रीती दिसायला हवी ती दिसली नाही, हे ताईंच्या मनाला लागलं होतं. मी त्यांना फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढायला लावला. युवदीया आणि सुंतुखे, सुवार्तेसाठी झटलेल्या दोघी, त्यांचं जमेना. पौल ते झाकत नाही, मंडळीला लिहिलेल्या पत्रात नावं घेऊन विनवतो आणि एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो. चूक कुणाची, हे मात्र लिहीत नाही.

परवा ताईंचा फोन आला. प्रभुभोजन घेतात. बाक अजून वेगळे आहेत. यंदा वहीवर दोन सह्या असतात, एक मार्थाकाकूंची. शेजारणीनं विचारलं म्हणे, ‘मिटलं का तुमचं?’

‘काय सांगितलंत?’

‘म्हटलं, हिशेब मिटला. बाकीचं चाललंय.’