एका घासाचा फ्रेंच टोस्ट : तुकडे का फसतात?

सुट्टीच्या दिवशी उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकत्रच उरकायचं असेल, तर दालचिनी-साखरेत घोळवलेले फ्रेंच टोस्टचे, म्हणजे अंड्या-दुधाच्या मिश्रणात भिजवून भाजलेल्या ब्रेडचे, छोटे तुकडे फार सोयीचे पडतात. काटा नको, सुरी नको. त्यांच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरांत ज्या प्रमाणाचा उल्लेख येईल ते आधीच सांगून ठेवते : चौघांसाठी २५० ग्रॅम ब्रेड, ३ अंडी, १८० मिलिलिटर दूध, एक मोठा चमचा साखर, दोन चिमटी मीठ. ब्रेडचे अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे. वरून घोळवायला ६० ग्रॅम बारीक दाण्याची साखर आणि दोन छोटे चमचे दालचिनी पूड.

प्रश्न : अख्ख्या स्लाइसचा फ्रेंच टोस्ट माझा छान होतो. त्याच ब्रेडचे तुकडे करून, तेवढाच वेळ भिजवून तळले की मात्र लगदा. आत कच्चं अंडं, बाहेरून चुरा. असं का?

“तेवढाच वेळ” हेच कारण. दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड स्लाइस घ्या. तिचा सगळा पृष्ठभाग मिळून ३०० चौरस सेंटिमीटर भरतो. तिचेच अडीच सेंटिमीटरचे १६ तुकडे केले की तो होतो ६००. ब्रेड तेवढाच, पण दूध आत शिरायला दुप्पट जागा मोकळी झाली. शिवाय स्लाइसला चारही बाजूंनी कडेचा आधार असतो, मधल्या तुकड्यांना तो नसतो. म्हणून स्लाइस छोटी कापली की झालं, असं समजू नका. हा पदार्थच वेगळ्या हिशोबाचा आहे आणि पुढची बहुतेक उत्तरंही याच हिशोबातून निघणार आहेत.

भिजवायचं कसं? सगळे तुकडे पातेल्यात ओतून वर मिश्रण घालू नका. खालचे बुडून मरतात, वरचे कोरडे राहतात. एका वेळी मूठभर तुकडे मिश्रणात टाका, झाऱ्याने एकदा उलटवा, पाच-सहा सेकंदांत बाहेर काढा आणि चाळणीत मिनिटभर निथळू द्या. एक तुकडा मधोमध कापून बघा. आत वाटाण्याएवढा पांढरा कोरडा भाग दिसला तर उत्तम. निथळता निथळता ओल तिथपर्यंत पोहोचते.

पण त्याआधी ब्रेड सुकवा. शिळा ब्रेड आणि सुका ब्रेड यांत लोक गल्लत करतात. पिशवीत बंद राहिलेला ब्रेड दोन दिवसांनी कडक लागतो तो मुख्यतः आतल्या स्टार्चची रचना बदलल्यामुळे, पाणी फारसं कमी झालेलंच नसतं. म्हणून तर तो गरम केला की पुन्हा मऊ होतो. आपल्याला पाणी खरोखर कमी व्हायला हवं आहे, म्हणजे त्याच्या जागी दूध-अंडं शिरेल. तुकडे ताटात एका थरात पसरून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहाएक मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. रंग बदलायला नको, पण बोटाला वरचा पापुद्रा कोरडा लागला पाहिजे. ओव्हन नसेल तर रात्रभर उघड्यावर, वर पातळ कापड टाकून. ब्रेड ब्रिओशसारखा लोण्या-अंड्याचा असेल तर फार छान, पण तो नाजूक असतो. त्याला तीन-चार सेकंद पुरतात. पातळ कापलेला सँडविच ब्रेड या कामाला घेऊच नका.

प्रश्न : दालचिनी दुधावर तरंगते. कितीही फेटलं तरी पहिल्या घाण्याला सगळी चिकटते आणि शेवटचा घाणा नुसता अंड्याच्या चवीचा होतो.

दालचिनी म्हणजे झाडाची साल. साखरेसारखी ती विरघळणार नाही. दुधावर टाकली की पुडीचे कण एकमेकांना धरून बसतात. जरा वेळ गेला की तीच पूड पाणी पिऊन फुगते आणि मिश्रण बुळबुळीत करते. वर पॅनमध्ये गेलेले कण सगळ्यात आधी करपतात आणि कडू होतात.

माझं मत विचाराल तर या तुकड्यांच्या मिश्रणात दालचिनी घालूच नये. मोठ्या स्लाइसमध्ये ती आत असणं मी समजू शकते, कारण वरची साखर फक्त दोन बाजूंना लागते. इथे सहा बाजू आहेत. प्रत्येक घासाला जिभेवर आधी बाहेरचा थरच येतो, तर दालचिनी तिथेच असू द्या. तिचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा, आणि ते पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात कितीतरी सहज उतरतं. गरम, बटरने ओलसर झालेला तुकडा दालचिनी-साखरेत पडला की वास कसा उठतो ते एकदा बघाच.

तरीही आत हवीच असेल, तर अर्धा छोटा चमचा पूड आधी साखरेत कोरडी मिसळा, मग ती अंड्यात फेटा आणि दूध सगळ्यात शेवटी, थोडं थोडं घाला. आणि प्रत्येक घाण्याआधी मिश्रण तळापासून ढवळा.

प्रश्न : सिलोन दालचिनी वापरावी की नेहमीची? लहान मुलांना नेहमीची अपायकारक असते असं वाचलं.

बाजारात नेहमीची दालचिनी म्हणून जी मिळते ती बरेचदा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल, असते. अख्खी असेल तर ओळखणं सोपं : कॅशियाची साल जाड, टणक, एकाच वळणाची, सिलोनची कागदासारखी पातळ, अनेक पदर एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडणारी. पूड झाल्यावर मात्र डोळ्यांनी फरक कळत नाही.

कॅशियात कूमरिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं, सिलोनमध्ये ते नाममात्र. जास्त प्रमाणात, दीर्घकाळ पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला ते त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. ही मर्यादा आयुष्यभर दररोज खाणाऱ्यासाठी आहे, एका रविवारसाठी नाही. आपल्या प्रमाणातली दोन छोटे चमचे पूड चौघांत वाटली जाते आणि त्यातलीही थोडी ताटातच उरते. अधूनमधून खाणाऱ्याने काळजी करायचं कारण नाही. घरात लहान मूल रोज दालचिनी खात असेल तर सिलोन घ्या. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं.

चवीचं म्हणाल तर साखरेसोबत मला कॅशियाच आवडते. ती तिखट आहे, ठणठणीत आहे. सिलोन तिच्यापुढे फारच सौम्य वाटते.

प्रश्न : बाहेरून काळे, आतून ओले. गॅस कमी केला तर तेलकट. मधला मार्ग काय?

आधी मिश्रणातली साखर मोजा. एका मोठ्या चमच्याच्या वर गेलात तर रंग लवकर चढणारच. दुसरं, नुसतं बटर घेऊ नका. त्यातले दुधाचे घन कण १५० अंशांच्या आसपास करपायला लागतात. अर्धं बटर, अर्धं तेल घ्या आणि प्रत्येक घाण्यानंतर पॅन कागदाने पुसून नवीन घाला. तळाशी राहिलेले तपकिरी कण पुढच्या घाण्याला काळे ठिपके देतात.

आता नीट बघा. आच मध्यम. बटरचा फेस बसला, पण ते अजून पिवळंच आहे, अशा वेळी पहिला तुकडा टाका. कडेने बारीक बुडबुडे उठून आवाज चुरचुर असा एकसारखा यायला हवा. तडतडलं तर आच जास्त, काहीच ऐकू आलं नाही तर कमी. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर राहू द्या, नाहीतर ते एकमेकांच्या वाफेत शिजतात आणि तोच तेलकटपणा तुम्हाला जाणवतो. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी चिमट्याने कुशीवर वळवा. चार बाजू भाजल्या की पुरे. उरलेल्या दोन नुसत्या टेकवा. शिजत आला की तुकडा किंचित फुगतो, आवाज मंदावतो, आणि चिमट्याने हलकेच दाबून सोडलं तर तो परत वर येतो. दाबल्यावर ओल बाहेर आली तर अजून मिनिटभर, आच कमी करून. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७१ अंश झालेलं बघा, म्हणजे अंड्याची चिंता नको.

प्रश्न : तुकड्यांवर अंड्याचे पांढरे तंतू दिसतात.

पांढरं नीट फुटलेलं नाही. अंडी आधी मिठासोबत एकटीच फेटा, मग दूध घाला आणि मिश्रण गाळणीतून गाळून घ्या. एवढंच.

प्रश्न : दहा पाहुणे येणार आहेत. सगळ्यांना गरम द्यायचं तर मी गॅसपाशीच उभी राहणार. आदल्या रात्री काय करून ठेवता येईल?

ब्रेड कापून सुकवून ठेवा. अंड्या-दुधाचं मिश्रण झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दालचिनी-साखर मिसळून बरणीत भरा. भिजवणं मात्र सकाळीच. रात्रभर भिजलेल्या ब्रेडचा भाजलेला पुडिंगसारखा प्रकार होतो, तो चांगला लागतो, पण त्याचे सुटे तुकडे राहत नाहीत.

सहाच्या वर माणसं असतील तर पॅनचा हट्ट सोडा. २५० ग्रॅम ब्रेडचे साठेक तुकडे होतात. दहा जणांना त्याच्या अडीचपट लागतील, म्हणजे दीडशे. ते चिमट्याने एकेक वळवत बसणं हा वेडेपणा आहे. ट्रेला सढळ बटर लावून ती २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आधी तापवा, मग निथळलेले तुकडे सुटे सुटे पसरा. बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटवून. पॅनइतका खरपूसपणा येत नाही, हे खरं. पण दहाही जणांना एकदम गरम मिळतं आणि तुम्हालाही त्यांच्यासोबत बसता येतं.

थोडा वेळ गरम ठेवायचे असतील तर जाळीवर, साधारण ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये, उघडेच. झाकण ठेवलंत की वाफेने मऊ पडले. मिश्रण टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उरलेलं फेकून द्या.

प्रश्न : साखर काही वेळाने पाझरते आणि तुकडे चिकट होतात.

वाफ जाऊ न देता घोळवल्यामुळे. पॅनमधून काढल्यावर अर्धा मिनिट जाळीवर थांबा. तुकडा गरम आणि बटरने चकचकीत असतानाच घोळवा, एका वेळी सात-आठ. पिठीसाखर वापरत असाल तर ती बदला, ती ओल चटकन शोषते. आणि वाढायच्या वेळेलाच घोळवा, आधी नाही.

प्रश्न : अंडं न घालता होईल का?

होईल, पण तो वेगळाच पदार्थ असेल हे मान्य करून बसा. २५० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर गार असतानाच कालवा, साखर घाला. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक मुठीआधी ढवळायचं. अंड्यासारखं हे आतून धरून ठेवत नाही, त्यामुळे ब्रेड आणखी कोरडा हवा आणि बुडवणं दोन-तीन सेकंदच. कुस्करलेलं केळंही लोक घालतात. त्याने बांधणी बरी होते, पण केळ्याच्या साखरेमुळे रंग भराभर चढतो. आणि मग दालचिनीपेक्षा केळंच जास्त लागतं.

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये?

१८५ अंश, सहा ते आठ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. तुकडे नीट निथळलेले हवेत, नाहीतर मिश्रण जाळीतून खाली गळून जळतं. घोळवण्याआधी वितळलेल्या बटरचा हात फिरवा. नाहीतर साखर चिकटायला काही नसतं.

प्रश्न : उरले तर दुसऱ्या दिवशी चालतील?

चालतील, साखर न लावलेले असतील तर. गार झाल्यावर ताटात सुटे ठेवून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. काढल्यावर थेट १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ते आधी लिबलिबीत आणि पाच मिनिटांत चिवट होतात. गरम झाल्यावर पुन्हा थोडं बटर लावा आणि मगच दालचिनी-साखरेत टाका.