संगणकाच्या वॉटर-कूलिंगची टाकी घरी बनवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न ॲक्रिलिकची रिझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची टाकी, स्वतः बनवण्याबद्दल आहेत. उत्तरांत धरलेली टाकी आतून ६ × ६ × २० सेंमी, ८ मिमी शीटची आहे. तिच्यात साधारण ७०० मिली पाणी मावतं.

प्रश्न (सातारा): मे महिन्यात माझी खोली ३८ अंशांवर जाते. विकतच्या २५० मिलीच्या टाकीऐवजी २ लिटरची बनवली तर प्रोसेसर किती गार राहील?

काहीच फरक पडणार नाही. फक्त तापायला थोडा जास्त वेळ लागेल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट उष्णता टाकत असतील, तर १ लिटर पाणी रेडिएटरशिवाय (पंख्यांच्या हवेने पाणी गार करणारी जाळी) मिनिटाला पावणेसहा अंशांनी तापतं. म्हणजे वाढीव पावणेदोन लिटर पाण्यातून तुम्हाला फार तर काही मिनिटं मिळतील. तासभर गेम खेळलात की लहान टाकी आणि मोठी टाकी एकाच तापमानाला येऊन थांबतात, आणि ते तापमान रेडिएटर, पंखे आणि खोली ठरवतात. पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. चांगल्या मापाचा रेडिएटर असला तरी ते १०-१२ अंश वरच राहतं, म्हणजे तुमच्याकडे ५० च्या आसपास. वॉटर-कूलिंगमध्ये नेहमी वापरतात त्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे, तेव्हा पैसे रेडिएटरवर घाला. टाकीची कामं दोनच: पाण्यातली हवा वेगळी करणं आणि पंपाचं तोंड कधी कोरडं न पडू देणं.

प्रश्न (कुपवाड): पाट्या बनवणाऱ्याकडून लेझरने शीट कापून आणली. सॉल्व्हंटने जोडल्यावर दुसऱ्या दिवशी कडांपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या. सॉल्व्हंट खराब होतं का?

सॉल्व्हंट, म्हणजे ॲक्रिलिक विरघळवून जोडणारं द्रव, चांगलंच होतं, दोष कडेत होता. लेझर ॲक्रिलिक वितळवत कापतो. कड झटकन तापते, झटकन निवते आणि त्या पट्ट्यात ताण अडकून राहतो. डोळ्यांना कड काचेसारखी सुंदर दिसते, म्हणूनच फसायला होतं. त्यावर डायक्लोरोमिथेन किंवा पाटीवाले वापरतात ते क्लोरोफॉर्म लागलं की तो ताण चिरांच्या रूपाने मोकळा होतो. ज्योत फिरवून चकचकीत केलेल्या कडेचंही हेच होतं. आज चिरा दिसल्या नाहीत तरी पुढे स्पिरिटने पुसल्यावर दिसतील, म्हणून ॲक्रिलिकला अल्कोहोल लावूच नका. साबणाचं पाणी पुरतं.

उपाय दोन आहेत. पहिला, शीट राउटरवर (फिरत्या पात्याने कापणारं यंत्र) किंवा बारीक दात्यांच्या गोल करवतीवर कापून घेणं. दुसरा, लेझरचे तुकडे जोडण्याआधी भाजून घेणं: ८० अंशांवर ८ मिमीच्या शीटला तीन तास, मग तासाला १५ अंशांपेक्षा जास्त न उतरवता निववणं. घरच्या ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, त्याचा पारा बराच वरखाली होतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण शंभरीच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडून वाकतं. तुकडे सपाट लाकडी फळीवर आडवे ठेवा, आणि संरक्षक कागद आधी काढा, नाहीतर त्याचा गोंद भाजून चिकटतो.

शीट घेताना 'कास्ट' मागा. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त असते, पण तिच्यात मुळातच ताण जास्त, आणि आटे पाडताना ती वितळून टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) चिकटते.

जोडताना कड गुण्याला लावून तपासा. लेझरची कड किंचित तिरकी येते आणि सॉल्व्हंट फट भरत नाही. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर कड घासून काटकोनात आणा. मग दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक तारेचे तुकडे ठेवा, सुईच्या सिरिंजने सॉल्व्हंट सोडा, पाऊण मिनिट थांबा आणि तारा ओढून घ्या. कडा तेवढ्यात मऊ होतात आणि वरच्या तुकड्याच्या वजनाने बुडबुडे बाहेर पडतात. चोवीस तास हात लावायचा नाही, दाब तर दोन दिवस नाहीच. काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी करा, ही वाफ अंगाला चांगली नाही.

फेविक्विक, अराल्डाइट, सिलिकॉन यांपैकी काहीही या सांध्यात चालत नाही.

प्रश्न (कराड): जुलैत जोडलेला सांधा दुधी, ढगाळ झाला. आतून पाझरेल का?

पावसाळी हवेचा परिणाम आहे. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि पांढरी झाक येते. ती फक्त बाहेरच्या बाजूला असेल तर दिसण्याचाच प्रश्न. सांध्याच्या आत असेल तर तो कमजोर धरा आणि कापून पुन्हा करा. पश्चिमेकडच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये, असं आमचं मत.

प्रश्न (विटा): नळदुरुस्तीच्या दुकानातून पाव इंची टॅप आणला, फिटिंगसाठी आटे पाडले, तर पॅनेल तडकलं. काय चुकलं?

टॅप निमुळता असणार. नळकामात आटे घट्ट बसावेत म्हणून निमुळते टॅप वापरतात, आणि ते ॲक्रिलिक पाचरीसारखं फोडतात. संगणकाच्या फिटिंगला (नळी जोडायच्या तुकड्याला) 'जी १/४' म्हणजे समांतर बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे लागतात, इंचाला १९. टॅप विकत घेताना 'पॅरलल' असं स्पष्ट सांगा. भोक ११.८ मिमीचं. साधा ड्रिल बिट ॲक्रिलिकमध्ये एकदम ओढून घुसतो आणि खालच्या बाजूचा कपचा उडवतो, म्हणून स्टेप ड्रिल वापरा, खाली लाकूड दाबून धरा, वेग कमी ठेवा. टॅपला साबणाचं पाणी लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे असलेलं पॅनेल ८ मिमीपेक्षा पातळ नको. दोन पोर्टच्या (फिटिंग बसवायच्या भोकांच्या) केंद्रांत किमान २५ मिमी ठेवा, नाहीतर दुसरी फिटिंग पहिलीला अडते.

इथे पाणी आटे अडवत नाहीत, फिटिंगची ओ-रिंग (रबरी कडी) अडवते. म्हणून भोकाभोवतीचा भाग गुळगुळीत हवा. टेफलॉन टेप नको. थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) तर अजिबात नको, त्याने ॲक्रिलिक चिरतं. फिटिंग हाताने आवळा, पाना लांब ठेवा.

प्रश्न (मिरज): पोर्ट कुठे काढावेत? माझ्या टाकीत सतत बुडबुडे आणि खळखळ.

परत येणारं पाणी वरून पडत असणार. ते पाण्याच्या पातळीखाली आणा. पंपाकडे जाणारा पोर्ट अगदी तळाशी, त्याच्यावर किमान ४ सेंमी पाणी, नाहीतर भोवरा होऊन हवा पंपात जाते. तासाला २०० लिटर प्रवाह धरला तर ७०० मिलीच्या टाकीत पाणी जेमतेम १२-१३ सेकंद थांबतं. तेवढ्या वेळात बुडबुडा वर यावा म्हणून मधे एक उभी आडभिंत घाला, तिचा माथा पाण्याच्या पातळीखाली अडीच सेंमीवर. पाणी एका बाजूने वर चढतं, हवा सोडतं आणि मगच पलीकडे उतरतं.

टाकी काठोकाठ भरू नका. २५ पासून ५० अंशांपर्यंत १ लिटर पाणी ९ मिलीने फुगतं. वर हवा नसेल तर तो जोर थेट सांध्यांवर येतो.

प्रश्न (सांगली): आरओचं पाणी चालेल का? आणि झाकण लेथवर ॲल्युमिनियमचं करून घेतलं तर?

आरओचं नको, त्यात क्षार उरतातच. क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं तर नावच काढू नका. डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीच्या दुकानातून घेत असाल तर ॲसिडचा कॅन हातात पडला नाही ना, हे लेबल वाचून पाहा. त्यात संगणकासाठीचं कूलंट कॉन्सन्ट्रेट बाटलीवरच्या प्रमाणात घाला, नाहीतर शेवाळ धरतं.

ॲल्युमिनियम नाही. प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक आणि रेडिएटर सहसा तांब्याचे असतात, पाण्यातून दोन्ही धातू जोडले गेले की ॲल्युमिनियम झिजतं. झाकण पितळेचं किंवा ॲसिटलचं (एक कडक प्लास्टिक) करा. झाकणातून पाणी पाझरू नये म्हणून बसवायच्या ३ मिमी जाडीच्या रबरी दोरीला खाच २.३ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद.

प्रश्न (सातारा): गळती तपासायची कशी? सायकलचा पंप लावू का?

सायकलच्या पंपाने हात जरा जास्त चालला की टाकी फुटते. जुन्या डायलच्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा घ्या, नळीने एका पोर्टला जोडा, बाकीचे पोर्ट बंद करा आणि १५० पर्यंत न्या. म्हणजे ०.२ बार. कमी वाटेल, पण ६ × २० सेंमीच्या पॅनेलवर तो जवळपास २४ किलोचा जोर आहे. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. पंखा आणि ऊन टाळा, कारण आतली हवा एका अंशाने निवली तरी काटा सुमारे ३ ने उतरतो आणि उगाच सांध्यावर संशय येतो. खरंच उतरत असेल तर साबणाचा फेस लावून जागा शोधा.

मग पाणी भरून चोवीस तास फक्त पंप चालवा. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ वी पिन शेजारच्या १७ व्या पिनेला तारेने जोडली की सप्लाय सुरू होतो. जुन्या सप्लायमध्ये १६ वी वायर हिरवी असते, हल्ली सगळ्याच काळ्या येतात, तेव्हा रंगावर न जाता पिन मोजा. पंप सुरू करण्याआधी टाकी भरलेली हवी, आणि पातळी उतरली की लगेच बंद करून पुन्हा भरायची. डी५ कोरडा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा, थेंबभर पाझर असला तरी त्यावर डाग दिसतो.